कटिंगच्या पट्टीवरची चिमणी

आमचे साडू आयुष्यात एकदाही खोटं बोललेले नाहीत, आणि त्याबद्दल नातेवाइकांपैकी एकानेही त्यांना अजून माफ केलेलं नाही. खरं बोलणारी माणसं जगात इतरही असतील, पण ती निदान जेवताना तरी गप्प बसत असतील. साडूंना तेही जमत नाही. यजमानीण बाईंनी पानात वांग्याचं भरीत वाढावं, कौतुकाच्या अपेक्षेने दोन क्षण समोर उभं राहावं, आणि साडूंनी पहिला घास घेऊन सांगावं की, "वांगं आणि तंबाखू एकाच कुळातली, बरं का वहिनी." भरीत कसं झालंय, हा प्रश्न त्यांच्या लेखी मताचा असतो, आणि मतं ते देत नाहीत. माहिती देतात.

साडू म्हणजे काय, हे ज्यांना साडू नाहीत त्यांना कळायचं नाही. दोन बहिणींनी दोन वेगवेगळ्या मांडवांत केलेल्या चुका पुढे आयुष्यभर एकमेकींकडे बघत बसतात, त्यांना साडू म्हणतात. त्यांतली आधीची चूक ते, नंतरची मी. त्यामुळे मी त्यांना 'साडूभाऊ' आणि 'अहो' म्हणायचं आणि त्यांनी मला 'तुम्हाला माहीत नसेल, पण' म्हणायचं, अशी आमची पद्धत आहे. आम्ही दोघेही खानदेशातून पोटासाठी सुरतेला आलो आणि इथलेच झालो. ते पर्वत पाटियाजवळ एका छापखान्यात आहेत, मी एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात. माझं काम साड्यांच्या गाठोड्यांवर ब्रशने पत्ते लिहिण्याचं. आमच्या घराण्यात लेखक म्हणून मला मान आहे तो याच जोरावर. माझं लेखन जालन्यापासून नागपूरपर्यंत जातं, आणि ज्याच्याकडे जातं तो ते पहिल्यांदा फाडून फेकतो.

साडूंच्या छापखान्यात साड्यांचे कॅटलॉग छापतात. एकेका पानावर एकेक बाई कमरेवर हात ठेवून उभी असते आणि तिच्या अंगावर साडी असते, ते कॅटलॉग. मोठ्या कागदावर आठ-आठ बायका एकदम छापल्या जातात. मग कागद कटिंग मशीनखाली येतो आणि साडू बायका वेगळ्या करतात. हे वाक्य त्यांनी एकदा सासरच्या मंडळींसमोर स्वतःच्या व्यवसायाबद्दल जसंच्या तसं म्हटलं होतं, आणि मोठ्या मेहुणीचं, म्हणजे आमच्या अक्काचं, लग्न तिथेच मोडायचं थोडक्यात वाचलं होतं. तर बायका वेगळ्या केल्यावर कागदाच्या एका कडेला चारेक बोटं रुंदीची कोरी पट्टी उरायची. ती कचऱ्यात जायची. साडूंनी ती वर्षभर जाताना पाहिली आणि एक दिवस शेठला विचारलं की, या पट्टीवर मी काही छापलं तर चालेल का? शेठ देवमाणूस. देवासारखंच त्यांचंही लक्ष नव्हतं. "कटिंगमां जाय ए तारुं," ते म्हणाले. म्हणजे कटिंगमध्ये जे जातं ते तुझं. त्या दिवसापासून साड्यांच्या कडेकडेने साडूंची ग्रंथसंपदा सुरू झाली.

बारा पानांची, तळहाताएवढी, तीन ते सात वर्षांच्या वाचकांसाठी निसर्गाची ओळख करून देणारी पुस्तकं. मुंगी, पाल, डास, गांडूळ, झुरळ, शेवाळ, आणखी दोन-तीन. पुस्तकांच्या विषयांवरून लक्षात येईल की, लेखकाचा निसर्ग मोरीपासून सुरू होऊन गॅलरीच्या आत संपत होता. "वाघाचं पुस्तक काढा की," मी एकदा म्हटलं. "आपल्या बिल्डिंगमधल्या कुठल्या मुलाने वाघ पाहिलाय?" त्यांनी विचारलं. "पाल मात्र सगळ्यांच्या ट्यूबलाइटमागे आहे." मजकूर त्यांचा, चित्रं त्यांची, टाचण्या त्यांच्या. पुस्तकात प्राण्याने बोलायचं नाही, चड्डी घालायची नाही आणि शेवटी शहाणं व्हायचं नाही, हे त्यांचे तीन नियम. "प्राण्याला बोध नसतो," ते म्हणत, "भूक असते."

आता यात एकच अडचण होती. छापखान्याला पट्टीशी देणंघेणं नव्हतं, साडीशी होतं. शेठना राणी कलर जरा भडक हवा असला की, मशीनवाला गुलाबी शाई वाढवायचा, आणि त्याच कागदाच्या कडेला छापली जाणारी साडूंची पाल राणी कलरची होऊन बाहेर पडायची. दुसरा एखादा माणूस म्हणाला असता, मुलांना गंमत वाटेल. साडूंनी शंभर प्रतींमध्ये हाताने चिठ्ठी चिकटवली, "पालीचा खरा रंग हा नाही. पालीचा खरा रंग पाहण्यासाठी भिंत पाहावी." मुंगीच्या पुस्तकात सातव्या पानावर कॅटलॉगमधल्या एका बाईचं कोपर आलं होतं. तिथेही चिठ्ठी आहे, "कोपराचा मुंगीशी संबंध नाही." मी आजवर पुष्कळ शुद्धिपत्रं पाहिली, पण मूळ ग्रंथापेक्षा जास्त वाचली गेलेली तेवढीच.

पुस्तकं छापली तरी ती मुलांपर्यंत जायला हवीत. साडूंनी प्रत्येक मंगल प्रसंग त्यासाठी वापरला. बारशाला त्यांनी पाळण्याशेजारी शेवाळाचं पुस्तक ठेवलं. बाळाची आत्या चंद्राला मामा म्हणून काही गुणगुणत होती, तर तिला शांतपणे सांगितलं की, चंद्राला बहीण असल्याचा पुरावा नाही. एका संक्रांतीला अक्काच्या हळदीकुंकवात, वाणाच्या प्लास्टिकच्या डब्या आयत्या वेळी कमी पडल्या, तेव्हा त्यांनी उदारपणे आतून 'डास'च्या वीस प्रती आणून ओट्यावर ठेवल्या. शेजारणींनी कुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला, पदरात पुस्तक घेतलं आणि घरी जाऊन पहिलं पान उघडलं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "फक्त मादी चावते."

अक्का त्या संध्याकाळी एवढंच बोलली, "वान म्हनीसन डास वाटतस का कोन्ही?" मग दोन दिवस काहीच बोलली नाही. साडूंना ही शांतता लक्षात आली नाही. ते गांडुळावर काम करत होते, आणि गांडुळं काही बोलत नाहीत.

या सगळ्यात माझी भूमिका खलनायकाची. आमच्या कुटुंबात गोष्ट सांगणारा म्हणून माझं नाव आहे. म्हणजे जेवण उशिरा होणार असलं आणि पोरं ओरडायला लागली की, मला मधे बसवतात. माझ्या गोष्टींत एक म्हैस सुरतेच्या मार्केटात साडी घ्यायला येते. तिला साडेपाच मीटर पुरत नाही, म्हणून ती कापडाचा अख्खा ताका मागते, दुकानदार मीटरपट्टी घेऊन तिच्याभोवती फिरता फिरता उधन्यापर्यंत जातो. ही गोष्ट मी वीस वर्षं सांगतोय. म्हैस एव्हाना थकली आहे, पण पोरं थकत नाहीत. साडू दारात उभे राहून ऐकतात आणि पोरं हसून हसून लोळायला लागली की म्हणतात, "म्हशीला आपल्यासारखे सगळे रंग दिसत नाहीत. ती राणी कलर कशी मागेल?" पोरं मग त्यांच्याकडे बघतात. त्या नजरेला काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे. गोदामात जेवणाच्या सुट्टीत वीज गेली की आम्ही मीटरच्या डबीकडे असंच बघतो.

त्या पोरांत त्यांची स्वतःची नातही होती. मुलगा-सून दोघं नोकरीला, म्हणून ती दिवसभर आजी-आजोबांकडे. यंदा पहिलीत गेली. शाळेत गुजराती, टीव्हीवर हिंदी, आजीशी अहिराणी आणि आजोबांशी शुद्ध मराठी, कारण आजोबा दुसरं काही चालू देत नाहीत. साडूंची सगळी पुस्तकं खरं म्हणजे तिच्यासाठीच होती. ते असं कधी म्हणाले नाहीत, पण नवं पुस्तक टाचून झालं की, पहिली प्रत तिच्या दप्तरात जायची, आणि संध्याकाळी ती दप्तरातून कुठे निघाली हे बघायला ते छापखान्यातून जरा लवकर निघायचे. प्रत दप्तरातच असायची. एकदा तिने ती उघडली होती असं कळलं, तर मधली दोन पानं होडीसाठी गेली होती. साडूंनी होडी पाहिली, आणि कागद पाण्यावर का तरंगतो ते तिला समजावून सांगितलं. होडी बुडेपर्यंत तिने ऐकलं.

असं नऊ पुस्तकं चाललं. मग यंदा दिवाळीनंतर शेठनी नवं मशीन आणायचं ठरवलं. नव्या मशीनला कागद वेगळ्या मापाचा लागतो, त्यावर बायका अशा चपखल बसतात की, कडेला पट्टी उरतच नाही. शेठ खूश होते. "हवे कचरोज नहीं थाय," त्यांनी साडूंना पेढा देत सांगितलं. आता कचराच होणार नाही. जुन्या मशीनवर एकच कॅटलॉग उरलं होतं, म्हणजे एकच पट्टी, म्हणजे एकच पुस्तक. साडूंनी पेढा खाल्ला, दूध किती तास आटवावं लागतं ते शेठना सांगितलं आणि संध्याकाळी भेस्तानला घरी न जाता सरळ माझ्याकडे आले.

"शेवटचं पुस्तक चिमणीचं काढायचंय," ते म्हणाले. "मोरीच्या बाहेरचं एक तरी हवं. आणि ते तिने पूर्ण वाचायला हवं."

तिने म्हणजे कुणी, हे मी विचारलं नाही.

"मग?" मी म्हटलं.

"मजकूर तुम्ही लिहा. माझ्या मजकुराला मुलं जांभया देतात. तुमचं ऐकतात. फक्त खोटं काही लिहू नका."

खोटं न लिहिता मी काय लिहावं हा प्रश्न मला याआधी कुणी घातला नव्हता. पत्त्यात तेवढं मी खोटं लिहीत नाही, ते आमच्या गोदामाच्या शेठच्या भीतीने. पण साहित्यिकाला इतकी मोठी संधी सुरतेत दुसऱ्यांदा येत नाही, म्हणून मी दोन दिवस खपून चार पानं लिहिली. ती त्यांनी माझ्या समोर बसून वाचली.

"'चिमणी लाजत लाजत आली.' कशावरून?"

"अहो, ती जरा दबकत येते ना..."

"दबकत लिहा. लाज हा आपला अंदाज झाला. 'चिमणी हसून म्हणाली.' कशाने हसली? तिला ओठ आहेत का?"

"साडूभाऊ, हे लिहिण्याची एक रीत असते."

"'बाळांसाठी तिने गोड गोड खाऊ आणला.' पिल्लांना ती अळ्या भरवते."

"अळ्या गोड नसतील कशावरून?"

ते थांबले. हा मुद्दा त्यांना एकदम मान्य होता. "खरंय," ते म्हणाले, "ते आपल्याला माहीत नाही," आणि त्यांनी 'गोड'ही खोडलं आणि 'खाऊ'ही. चार पानांतून शेवटी माझं एक वाक्य उरलं, "चिमणी चालत नाही, उड्या मारते." माझ्या साहित्यिक कारकिर्दीतलं ते एकमेव छापील वाक्य, आणि मला शंका आहे की, ते त्यांच्याच मजकुरातून माझ्या मजकुरात आलं होतं.

मग चित्रासाठी चिमणी पाहणं आलं. पुस्तकातल्या चित्रावरून चित्र काढणं म्हणजे ऐकीव माहिती, असं त्यांचं म्हणणं. लागोपाठ तीन रविवार त्यांनी मला पहाटे उठवलं आणि माझ्याच स्कूटरवर मागे बसून कडोदऱ्याच्या पुढे उसाच्या बांधावर नेलं. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला पॉवरलूमच्या शेड, त्यांचा खडखडाट एवढा की, चिमणी कानाशी येऊन ओरडली असती तरी कळलं नसतं. आम्ही दोघे साठीकडे झुकलेले इसम वही आणि दुर्बीण घेऊन शेडकडे तोंड करून दबा धरून बसलो होतो. दुसऱ्या रविवारी वॉचमन आला.

"क्या देख रहे हो, चाचा?"

"चिड़िया," मी म्हटलं.

"यहाँ सब ऐसा ही बोलते हैं," तो म्हणाला आणि त्याने आमच्या स्कूटरची डिकी उघडायला लावली. डिकीत गांडुळाच्या तीस प्रती होत्या. त्याने एक चाळली, आमच्याकडे पाहिलं आणि आम्हाला सोडून दिलं. चोरी करण्याइतकी बुद्धी यांना नाही, हे त्याला पुस्तकावरून पटलं असावं. साडूंनी त्याच्या मुलासाठी एक प्रत दिली. चिमणी तिन्ही रविवारी दिसली नाही. साळुंक्या, बगळे, एक भारद्वाज दिसला. साडूंनी वहीत लिहिलं, "चिमणी नाही," आणि खाली वेळ टाकली.

अखेर छापील फोटोवरून चित्र काढून, पहिल्या पानावर तशी कबुली देऊन, त्यांनी एक कच्ची प्रत तयार केली. छापायच्या आधी मुलांना कळतं का ते बघायचं म्हणून रविवारी सकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दर नव्या पुस्तकाला जमवत तशी मुलं जमवली. भेस्तानच्या त्या बिल्डिंगमध्ये आपली खानदेशी आणि विदर्भातली पोरं आहेत, दोन घरं ओडिशाची, दोन यूपीची, बाकी गुजराती. चटई टाकली होती, नातीलाही अक्काने हाताला धरून आणून बसवलं होतं. साडूंनी प्रत उंच धरली आणि म्हणाले, "ही चिमणी."

मुलं चित्राकडे बघत राहिली. यूपीच्या पोराने हात वर केला. "अंकल, चिमनी तो मिल पे होती है. धुआँ निकलता है."

"ती वेगळी. ही पक्षी आहे."

"पण चिमणीतून धूर येतो," आपलंच एक पोर म्हणालं. त्याचे वडील प्रोसेसमध्ये म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात आहेत. त्याच्या लेखी चिमणी ही एकच आणि ती दीडशे फूट उंच. "माझे पप्पा तिच्या खाली काम करतात."

साडू गडबडले नाहीत. मुलांच्या भाषेत सांगावं म्हणून त्यांनी गुजरातीत सांगितलं, "आ चकली छे."

आता गुजराती मुलांचे चेहरे उजळले, आणि आपल्या मुलांचे त्याहून जास्त. "चकली?" पुढच्या ओळीतली एक मुलगी म्हणाली. "भाजणीची का?"

"अमारा बेसिननी चकली टपके छे," मागून एक गुजराती पोरगा म्हणाला, कारण गुजरातीत नळाच्या तोटीलाही चकलीच म्हणतात.

"काका, ही चकली तळायची का?"

"हिला काटे कुठेत?"

मग कुणी धूर काढायला लागलं, कुणी गळक्या नळाचा आवाज, आणि ओडिशाची दोन भावंडं, ज्यांना यातलं काहीच कळलं नव्हतं, ती सर्वांत मोठ्याने हसत होती. नऊ पुस्तकांत झाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या त्या दिवशी पडल्या. मी भिंतीला टेकून हसत होतो, हे कबूल केलं पाहिजे. मग मला साडूंचा चेहरा दिसला आणि मी बुटाची लेस बांधायला खाली वाकलो. माझ्या पायांत चपला होत्या. नात केव्हाच उठून लिफ्टकडे गेली होती.

त्यानंतर आठ दिवस साडू कुणाला काही सांगेनासे झाले. अक्काने माझ्या बायकोला फोन केला, की काल कढीत मीठ विसरले तरी हे काही बोलले नाहीत, मीठ कशाचं बनतं तेही नाही. मी काळजीने गेलो. ते जमिनीवर शब्दकोश पसरून बसले होते. चटक, कलविंक, असे संस्कृत शब्द त्यांनी कागदावर लिहून खोडले होते. "बरोबर शब्द कुठलाच नाही," ते मला म्हणाले. "चिमणी म्हटलं तर गुजराती पोरांना खोटं सांगितल्यासारखं होतं. चकली म्हटलं तर आपल्या पोरांना. शेठ गुरुवारी छपाईची प्लेट लावणार."

"अहो, मधे एक गोष्ट घाला ना," मी म्हटलं. "चिमणी गिरणीच्या चिमणीवर बसली—"

"आणि?"

आणि पुढे मला सुचलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा.

गुरुवारी प्लेट लागली. शेवटचं कॅटलॉग छापलं गेलं, लग्नसराईचं, सगळ्या बायका लाल. पट्टी कापून साडूंनी पुस्तकं टाचली आणि रविवारी पार्किंगमध्ये एकेका मुलाच्या हातात एकेक दिली, पेन्सिलसकट. मी माझी प्रत उघडली. चित्र होतं, जरासं लालसर. ती धुळीत आंघोळ करते, हे होतं. नराच्या गळ्याशी काळा डाग असतो, हे होतं. चालत नाही, उड्या मारते, हे होतं. पण बाराच्या बारा पानांत कुठेही तिचं नाव नव्हतं. मुखपृष्ठावर फक्त एक कोरी रेघ होती, आणि खाली लिहिलं होतं, "हिला तुमच्या घरात काय म्हणतात?"

मुलं पालथी पडून लिहायला लागली. ज्यांना लिहिता येत नव्हतं, ती घरी धावली आणि विचारून आली. यूपीच्या पोराने गौरैया लिहिलं. ओडिशाची भावंडं नाव सांगायला लागली, ते साडूंनी दोनदा म्हणवून घेतलं आणि स्वतः लिहून दिलं, आणि माझ्या आठवणीत ते पहिल्यांदाच मुलांना माहिती विचारत होते, देत नव्हते. नातही त्या दिवशी बसली होती. ती सगळ्यांत शेवटी उठली, पुस्तक आजोबांपुढे धरलं. गुजराती अक्षरांत, डोक्यावरच्या रेघेशिवाय, तिने लिहिलं होतं, 'चिडी'.

साडूंनी पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन ते दोन अक्षरी नाव वाचलं. मीही बघितलं. आमच्या गावाकडे चिडीच म्हणतात. त्यांची आई म्हणायची, माझी आई म्हणायची. शाळेत गेल्यावर मास्तरांनी आम्हाला चिमणी म्हणायला शिकवलं आणि आम्ही पुन्हा चुकलो नाही.

"हे कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"आजी म्हणते."

"कधी?"

"रोज. तुम्ही जाता ना, पछी. ती गॅलरीत कण्या टाकते आणि म्हणते, ये वं माय चिडी. मग ती येते."

"कोण येते?"

नातीने आजोबांच्या हातातल्या पुस्तकावरच्या चित्रावर बोट ठेवलं. आपल्या आजोबांना इतकी साधी गोष्ट कळू नये, याचं तिला नवल वाटलेलं दिसलं.

सोमवारी साडूंनी छापखान्याला कळवलं की, उशीर होईल. मी त्यांचा डबा परत करायच्या निमित्ताने आठ वाजता भेस्तानला हजर झालो. डबा त्यांचा नव्हता, पण त्या दिवशी कुणी बघितलं नाही. आम्ही दोघे गॅलरीच्या दाराआड पाटावर बसलो, नात आमच्या पुढे. अक्काने जुन्या डब्याच्या झाकणात कण्या घातल्या, कुंडीशेजारी ठेवल्या आणि आमच्याकडे न बघता आत पोळ्या करायला गेली. जाता जाता हळू आवाजात काहीतरी म्हणाली. थोड्या वेळाने कठड्यावर एक लहानशी, मळकट तपकिरी चिमणी येऊन बसली. गळ्याशी काळा डाग नव्हता. कठड्यावरून कुंडीवर, कुंडीवरून झाकणावर ती उड्या मारत आली.

"ही मा—" साडू म्हणाले.

"आबा, बोलू नका," नात म्हणाली.

साडू बोलले नाहीत. चिमणीने पोटभर खाल्लं, चोच कठड्याला दोन्हीकडून पुसली आणि उडाली.

"केव्हापासून येते?" त्यांनी आत जाऊन अक्काला विचारलं.

"आपन ह्या घरमा उनूत तवयपासून."

"मी कडोदऱ्याला जायचो तेव्हाही?"

"तवयबी."

"मग मला सांगितलं नाहीस?"

अक्काने पोळी उलटली. "तुम्ही इचारं का?"

आता पर्वत पाटियाला नवं मशीन सुरू झालंय. बायका कागदभर मावतात, आणि मशीनखालची जमीन दिवसअखेर स्वच्छ असते. साडू म्हणतात, काम सोपं झालं. ते खोटं बोलत नाहीत, त्यामुळे सोपं झालं असणार. दहावं पुस्तक शेवटचंच ठरलं. पार्किंगमध्ये रविवारी अजून पोरं जमतात, जुन्याच प्रती वाचतात, 'डास' सगळ्यांत जास्त फाटलाय. नातीचं चिमणीचं पुस्तक दप्तरात नसतं, तिच्या उशीजवळ असतं. त्याची होडी झालेली नाही.

मी परवा संध्याकाळी सहज गेलो, तर बाहेर आभाळ भरून आलं होतं. अक्का ओट्याशी होती, साडू स्टूल घेऊन तिच्याशेजारी बसलेले. मला 'या' म्हणायचंही दोघांना सुचलं नाही.

"आणि पाऊस आला की ती कुठे बसते?" साडू विचारत होते.

अक्काचे हात पिठात थांबले. तिने जरा विचार केला.

"माले नही माहीत," ती म्हणाली. "सकाय देखूत."

"देखूत," साडू म्हणाले.